गाडगेबाबांची आठवण, कुंताबाईंची आठवण

(घाटकोपरच्या प्रौढ साक्षरता वर्गात २० डिसेंबरला केलेले भाषण. गावोगावच्या वर्गांना वाचता यावे म्हणून ते येथे दिले आहे.)



आज २० डिसेंबर. १९५६ साली याच दिवशी गाडगेबाबा गेले. म्हणून आज पाटी-पेन्सिल थोडा वेळ बाजूला ठेवू.

तुम्ही सगळे दिवसभर राबून येथे आला आहात. कोणी मुलुंडच्या कारखान्यातून आले. कोणी अंधेरीला चार घरची धुणीभांडी करून, गाडीच्या गर्दीत उभे राहून आले. गावाकडे ज्यांच्यासाठी हे छापले जाईल, तेही शेतातून घरी येऊन, कंदील किंवा दिवा लावून बसलेले असतील. तेव्हा आम्ही लांबण लावीत नाही. एका माणसाची गोष्ट सांगतो. खरे म्हटले तर दोन माणसांची. एका नावाचा फोटो तुमच्या ग्रामपंचायतीत टांगलेला असेल. दुसरे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आज पहिल्यांदाच ऐकले असेल.

वाचता न आल्याची किंमत

गाडगेबाबांचे खरे नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६. गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती. जात परिटाची. वडील झिंगराजी, आई सखूबाई.

वडिलांना दारूचे व्यसन लागले. त्या दारूनेच ते गेले. तेव्हा देबू आठ वर्षांचा होता. सखूबाई पोराला घेऊन माहेरी आल्या. माहेर मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे गावी. मामाचे नाव चंद्रभान. मामाकडे शेती होती. देबू गुरे राखू लागला. मोठा झाला तसा औत हाकू लागला. भल्या पहाटे उठावे, गोठा झाडावा, बैलांना पाणी दाखवावे, मग शेतावर जावे. झाडण्याची सवय ती तेव्हापासूनची. रात्री भजन करावे. गळा गोड होता.

पुढे काय झाले? जे आपल्याकडे हजारो घरांत झाले, तेच. मामाने सावकाराचे कर्ज काढले. कागदावर अंगठा उठवला. कागदात काय लिहिले आहे, ते घरात कोणाला वाचता येईना. पैसे फेडले तरी पावती नाही. चरित्रकार सांगतात, की अशा कागदांवरच सावकाराने जमिनीवर हक्क सांगितला. जमीन गेली. मामा त्या धसक्याने खचला आणि गेला. सारे घर देबूच्या खांद्यावर आले. तरण्या देबूने त्या जमिनीत नांगर घातला आणि अडवायला आलेल्या सावकाराच्या माणसांना तोंड दिले, अशीही हकिकत सांगतात.

मंडळी, ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. पुढे बाबांनी उभ्या महाराष्ट्राला सांगितले, की पोराला शाळेत घाला. ते त्यांनी पुस्तकात वाचून सांगितले नाही. त्यांना स्वतःला शाळा मिळालीच नव्हती. एका अंगठ्याने घर कसे बुडते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

बारशाचे जेवण

१८९२ साली देबूजींचे लग्न झाले. मुलीचे नाव कुंताबाई. आपल्या गोष्टीतले दुसरे माणूस ते हेच.

पहिली मुलगी झाली. बारसे आले. त्या काळी भावकीत बारशाला बकरे कापायचे, दारू वाटायची, अशी चाल होती. कर्ज काढून करायचे. देबूजींनी ठरवले, की मटण नाही आणि दारूही नाही. त्यांनी पंगतीला गोड जेवण वाढले.

भावकी रागावली. रीत मोडली म्हणून बोल लावले. पण देबूजी हटले नाहीत. ज्या दारूने बाप नेला, ती दारू स्वतःच्या मुलीच्या बारशाला कशी वाढायची?

आता जरा विचार करा. पुरुषमाणूस रीत मोडतो आणि शेतावर निघून जातो. पाणवठ्यावर चार बायकांत कोणाला जावे लागते? टोमणे कोण ऐकते? बारशाच्या पंगतीची गोष्ट सगळ्या चरित्रांत आहे. पाणवठ्यावरची गोष्ट कोणी लिहिली नाही. पण तुम्हां बायांना ती सांगावी लागत नाही. तुम्हांला ती ठाऊकच आहे.

घर सुटले

१ फेब्रुवारी १९०५. पहाटेची वेळ. देबूजी घर सोडून निघाले. अंगावर फाटके वस्त्र. हातात काठी आणि मातीचे एक गाडगे. मागे म्हातारी आई, बायको आणि पोरे.

बारा वर्षे ते हिंडले. मिळेल तिथे काम केले. काम झाले की भाकरतुकडा मागितला आणि पुढची वाट धरली. कोणाच्या शेतात राबले, कोणाची लाकडे फोडली. मजुरीचा पैसा मागितला नाही. चिंध्यांची गोधडी पांघरीत म्हणून कोणी त्यांना गोधडे महाराज म्हणे, कोणी चिंधेबुवा म्हणे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. डोक्यावर तेच गाडगे. त्यातच खायचे, त्यातच प्यायचे. त्या गाडग्यावरून नाव पडले, गाडगेबाबा.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे जत्रा भरते. नदीला घाट नव्हता. चिखलात म्हातारीकोतारी घसरत. बाबा तेथे गेले आणि फावडे घेऊन वाट करू लागले. देवळात न जाता ते चिखलात उतरले. लोकांना वाटले, कोणी वेडा असेल. मग एकाने हात लावला. मग दहा आले. पुढे तेथे घाट झाला.

येथे आपल्याला बाबांची भक्ती दिसते. देव मानायचा, भजन करायचे, वारीला जायचे, हे सगळे त्यांनी केले. पण पंढरपूरला जाऊन ते देवळात शिरत नसत. चंद्रभागेच्या वाळवंटात आणि गावाच्या वाटांवर खराटा चालवीत. दर्शनाला आलेल्या लोकांची घाण कोणी तरी काढायला हवी ना? ती काढणे हीच त्यांची पूजा.

खराटा आणि कीर्तन

बाबांची रीत ठरलेली होती. सकाळी गावात यायचे. कोणाला न सांगता झाडायला लागायचे. गटारे मोकळी करायची. उकिरडे भरायचे. गावकरी पाहत उभे राहात. मग लाजून एकेक जण हाताशी येई. संध्याकाळपर्यंत गाव लख्ख. रात्री त्याच जागेवर कीर्तन.

त्यांचे कीर्तन शास्त्रीबुवांचे नव्हते. ते आपल्या वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारीत. लोक उत्तर देत. उत्तर देता देता लोकांनाच आपली चूक कळे. देवाच्या नावाने बोकड का मारता? कर्ज काढून लग्न का करता? माणसाला शिवत का नाही? दारूच्या दुकानात किती गेले आणि घरात किती आले? हसता हसता माणूस गप्प होई. मध्येच गोपाळाचे भजन सुरू होई आणि हजारो टाळ्या पडत.

कोणी पाया पडायला आला, तर बाबा काठी उगारीत. आपण कोणाचे गुरू नाही, आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. कीर्तन संपले की पहाटेच्या आत गाव सोडीत. हार घालायला लोक येत, तेव्हा जागा रिकामी असे.

शिक्षणाविषयी त्यांचे सांगणे तुम्ही ऐकले असेल. जेवायचे ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, घर पडके असले तरी त्यात राहा, पण पोराला शिकवा, असे ते सांगत. आणखी एक सांगत, की बायकोला लुगडे हलक्या किमतीचे घ्या.

हे वाक्य आम्ही पुष्कळ वेळा व्यासपीठावरून सांगितले आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. एकदा आमच्या वर्गातल्या एका आजींनी मध्येच विचारले, "गुरुजी, लुगडं माझंच का हलकं? त्याची विडी का नाही?" सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो. बाबा तर विडीकाडीवरही कोरडे ओढीत, हे खरे. पण आजींचा प्रश्न मनात राहिला. घरातून काही काढायचे झाले, की पहिला हात कोणाच्या लुगड्याला लागतो? तो प्रश्न आज आम्ही तुमच्यापुढे ठेवणार आहोत. आधी गोष्ट पुरी करू.

धर्मशाळा कोणासाठी?

बाबांच्या पायाशी पैसा येऊ लागला. शेठ सावकार देत, गिरणीतला मजूर देई, भाजीवाली देई. त्या पैशातून त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर. कोठे सदावर्त घातले, कोठे गोरक्षण काढले, कोठे शाळा.

पंढरपूरची एक धर्मशाळा ध्यानात ठेवा. तिचे नाव चोखामेळा धर्मशाळा. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्या वारकऱ्यांना तेव्हा पंढरपुरात ओसरीही मिळत नसे. देऊळ तर त्यांना बंदच होते. साने गुरुजींनी १९४७ साली उपोषण केले, तेव्हा ते उघडले. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी या लोकांसाठी डोक्यावर छप्पर उभे केले होते. १९४९ साली त्यांनी ती सारी वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुले शिकावीत, हाच हेतू. एकाने धर्मशाळा बांधली, दुसऱ्याने ती शाळेसाठी घेतली. दोघांनाही ठाऊक होते, की आजची ओसरी एका रात्रीपुरती असते, अक्षर जन्मभर पुरते.

कर्मवीर भाऊराव पाटील आणि बाबा यांचाही मोठा स्नेह. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला महाविद्यालय काढले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याच्या नावाने महाविद्यालय! पुढे २००५ साली तर अमरावतीच्या विद्यापीठालाच त्यांचे नाव मिळाले.

मुंबईत

आता आपल्या मुंबईकडे येऊ. गावात दुखणे वाढले, तालुक्याला उपाय नाही, की माणूस मुंबईची वाट धरतो. ही रीत तेव्हाही होती, आजही आहे. आजाऱ्याला रुग्णालयात खाट मिळते. पण त्याच्या बरोबर आलेल्या माणसाने कोठे निजायचे? भाकरी कोठे भाजायची?

बाबांनी हे पाहिले. १९५४ साली भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभी केली. रोग्यांच्या नातेवाइकांना उतरायला. पुढे त्यांच्या मागच्या लोकांनी दादरलाही धर्मशाळा काढली. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घ्यायला येणारी गरीब माणसे तेथे राहतात.

आमच्या वर्गातल्या एका बाईंची हकिकत सांगतो. नाव सांगत नाही. त्यांच्या यजमानांना गावाहून येथे आणले. एका मोठ्या रुग्णालयात ठेवले. बाई येथे भांडुपला दिराच्या खोलीवर उतरल्या. खोली दहा फूट बाय दहा फूट. माणसे आठ. चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी जाऊबाई बोलल्या नाहीत, पण भांडी वाजली. बाई काय समजायचे ते समजल्या. त्या रात्री त्या रुग्णालयाच्या भिंतीशी, पदपथावर निजल्या. तीन रात्री तशाच काढल्या. मग कोणी तरी धर्मशाळेचा पत्ता सांगितला. पाठ टेकायला जागा मिळाली. पोटाला मिळाले. बाई आम्हाला म्हणाल्या, "गुरुजी, त्या रात्री मी नवऱ्यासाठी नाही रडले. जमिनीवर अंग टाकता आलं म्हणून रडले."

मंडळी, देव कोठे आहे ते सांगायला बाबा पुराण काढीत नसत. भुकेल्याला अन्न द्या, तहानलेल्याला पाणी द्या, उघड्याला वस्त्र द्या, बेघराला आसरा द्या, रोग्याला औषध द्या, हाच रोकडा धर्म, असे सांगत. त्या बाईंना पदपथावरून उठवून छपराखाली नेणारा तो रोकडा धर्म.

शेवटचे दिवस

१९५६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याला पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले. वांद्रे म्हणजे आपल्या या उपनगरांचेच दार. तेथून पुढे अंधेरी, बोरिवली. बाबांचे वय तेव्हा ऐंशी. ते त्यांचे शेवटचे मोठे कीर्तन ठरले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले आहे. म्हणून आजही आपल्याला तो थकलेला, खणखणीत आवाज ऐकता येतो.

६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेब गेले. गाडगेबाबांना त्याचा फार धक्का बसला, असे सांगतात. ते स्वतः आजारीच होते. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, त्यांना मोटारीने अमरावतीकडे नेत होते. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी वाटेतच प्राण गेला. जन्मभर वाटेवर राहिलेला माणूस वाटेवरच गेला.

जाण्याआधी त्यांनी सांगून ठेवले होते, की मी मरेन तेथेच माझे उत्तरकार्य करा. माझा पुतळा नको, समाधी नको, देऊळ नको. आपण लोक मोठे प्रेमळ आणि मोठे हट्टी. अमरावतीला समाधी झालीच. महाराष्ट्र सरकारने २०००-०१ सालापासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. कितीतरी गावांनी हागणदारी बंद केली, गटारे बांधली, बक्षिसे मिळवली. हे बाबांना रुचले असते. मात्र फोटोला हार घालून त्याच फोटोखाली पानाची पिंक टाकणे त्यांना रुचले नसते. त्यांनी काठी उगारली असती.

घराचे काय?

गोष्ट येथे संपवली असती तर चालले असते. पुष्कळ भाषणे येथेच संपतात. पण आजींचा प्रश्न राहिला आहे.

बाबांना गोविंदा नावाचा मुलगा होता. १९२३ साली तो गेला. कुत्रे चावल्याचे निमित्त झाले. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. बातमी तेथे पोहोचली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. जगात रोज कोटी कोटी लोकांची मुले जातात, मी एकासाठी काय रडू, असा त्यांचा भाव होता. ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. केवढे मन! सगळ्यांच्या मुलांना आपले मूल मानणारा माणूस असाच असणार.

आम्हीही ही गोष्ट असंख्य वेळा सांगितली. पण खारेपाटणपासून शेकडो कोस दूर, वऱ्हाडात, त्या पोराची आई बसली होती. पोर तिच्या डोळ्यांपुढे तडफडले. तिला कोटी मुले नव्हती. तिला तोच गोविंदा होता.

बाबांनी लाखो रुपयांच्या वास्तू उभ्या केल्या. त्यांपैकी एकीवरही घरच्या माणसाला हक्क ठेवला नाही. सगळे लोकांच्या नावे, विश्वस्तांच्या नावे. लोकांचा पैसा लोकांचाच राहिला पाहिजे, हे त्यांचे व्रत. त्या व्रताला आम्ही हात जोडतो. आजच्या काळात तर दोन वेळा जोडतो! पण त्या व्रताचे अर्धे ओझे कुंताबाईंनी उचलले. नवरा गावोगाव अन्न वाटतो आणि आपण साधेच राहायचे. लोक नवऱ्याला संत म्हणतात आणि आपण घरी पोरींना वाढवायचे, म्हाताऱ्या सासूला सांभाळायचे. बाबा स्वतः निवडून त्या वाटेने गेले. कुंताबाईंना कोणी विचारले नव्हते.

बाबांच्या चरित्रांची शेकडो पाने आहेत. त्यांत कुंताबाईंच्या वाट्याला फार थोड्या ओळी आल्या. का? त्यांचे काम लहान होते म्हणून नव्हे. लिहिणारे लोक कीर्तनाला गेले होते, स्वयंपाकघरात कोणी गेले नव्हते.

भाऊराव पाटलांच्या घरीही हेच. साताऱ्याच्या वसतिगृहात पोरांच्या जेवणाला धान्य नव्हते, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही मोडले. सर्व जातींची ती पोरे त्यांनी आपली म्हणून जेवू घातली. १९३० साली त्या गेल्या. आज रयतच्या शाळांतून लाखो मुले शिकतात. त्या शिक्षणात एक मंगळसूत्र वितळलेले आहे.

आम्ही बाबांचा मोठेपणा कमी करीत नाही. त्यांच्यासारखा माणूस शतकात एखादा होतो. आमचे म्हणणे एवढेच, की सेवेचे खाते एका नावावर लिहू नये. ते जोडखाते असते.

आमच्या घरची गोष्ट

आता आमची स्वतःची चूक सांगतो. सांगायला जड जाते, पण सांगतो.

आम्ही या उपनगरांत रात्रीचे वर्ग पुष्कळ वर्षे चालवले. आधी येथे टेकडीवर, मग विक्रोळीला, मग मुलुंडला. कामावरून सुटलो की थेट वर्गावर. घरी यायला रात्रीचे साडेदहा, अकरा. आमच्या मातोश्री जाग्या असत. भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवलेली. कालवण पुन्हा गरम करीत. विचारीत, "आज किती आले?" आम्ही म्हणायचो, "बावीस." त्यांना बरे वाटे. त्या म्हणत, "उद्या पंचवीस येतील."

त्या वर्गांतून कितीतरी लोक सही करायला शिकले, पत्र वाचायला शिकले. लोकांनी आमचा सत्कार केला. शाल दिली. आम्ही ती शाल घरी नेऊन आईच्या अंगावर घातली. फोटो काढला. आम्हाला वाटले, फिटले.

पुढे आई गेल्या. त्यांच्या पिशवीत पोस्टाचे पुस्तक सापडले. पैसे थोडेच होते. पण सहीच्या जागी पाहिले, तर अंगठा. पानापानावर निळा अंगठा.

मंडळी, साऱ्या घाटकोपरला अक्षर शिकवणाऱ्याची आई अंगठा उठवीत गेली. रोज रात्री ती आमच्यासमोर बसत होती. अर्धा तास पुरला असता. आम्हाला सुचलेच नाही. तिनेही मागितले नाही. तिला वाटे, पोर दमून आले आहे, त्याला जेवू द्यावे.

कुंताबाईंची आठवण आम्हाला तेव्हा पहिल्यांदा झाली.

आज करायचे काम

आता तुम्हाला अक्षर आले आहे. जोडाक्षरे अडतात, ती हळूहळू सुटतील. तुम्ही आज पुस्तक वाचता. उद्यापासून थोडे लिहा.

काय लिहायचे? तुमच्या घरात असे एखादे माणूस असेल. त्याच्या जिवावर दुसरे कोणी बाहेर पडले. कोणी मुंबईला कमवायला आले, कोणी वारीला गेले, कोणी सरपंच झाले, कोणी शिकले. आणि हे माणूस मागे राहून गुरे, पोरे, म्हातारे सांभाळीत बसले. ती तुमची आई असेल, सासू असेल, थोरली बहीण असेल. कोठे कोठे थोरला भाऊही असतो. त्याने शाळा सोडली म्हणून धाकटे शिकले.

त्या माणसाजवळ जाऊन बसा. विचारा. तुझा जन्म कोणत्या गावचा? माहेरी तुला काय म्हणत? पहिला दुष्काळ कोणता आठवतो? तेव्हा काय खाल्ले? कोणते देवदेव केले? कोणाच्या बाळंतपणाला धावलीस? काय करायचे मनात होते आणि राहून गेले? जे सांगतील ते लिहा. दहा ओळी पुरेत. अक्षर वाकडे आले तरी चालेल. चूक झाली तर खोडा आणि पुन्हा लिहा.

आणि त्या माणसाला अजून लिहिता येत नसेल, तर त्याचा हात धरून पाटीवर त्याचे नाव गिरवून घ्या. जेवण झाल्यावर अर्धा तास. आज रात्रीच. आमच्यासारखे उद्यावर टाकू नका.

परवा आम्ही हेच काम वर्गात सांगितले होते. लुगड्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या आजी दुसऱ्या दिवशी वही घेऊन आल्या. वहीत एकच ओळ होती. त्यांनी आपल्या सासूचे नाव लिहिले होते. पूर्ण नाव, गाव आणि पुढे एक शब्द, 'सुईण'. आम्ही विचारले, "एवढेच?" आजी म्हणाल्या, "गुरुजी, तिचं नाव मला ठाऊकच नव्हतं. आम्ही आत्याबाई म्हणायचो. काल गावाला फोन करून दिराला विचारलं. त्यालाही आठवेना. मग थोरल्या नणंदेला विचारलं, तेव्हा कळलं. सगळ्या गावाची बाळंतपणं केली तिनं. आणि नाव एकीलाच ठाऊक."

ती एक ओळ आम्ही फळ्यावर लिहिली. साऱ्या वर्गाने ती मोठ्याने वाचली.

गाडगेबाबांना आज फुले वाहू नका. त्यांना ती आवडत नसत. सकाळी उठून आपल्या दाराबरोबर शेजाऱ्याचेही दार झाडा. आणि रात्री एका माणसाचे नाव लिहा.

रामराम मंडळी.